शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे?

वाचकहो, आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण शेवटचे कधी गेला होता? मतदानाला गेलो होतो, असे उत्तर देऊ नका. शाळा भरलेली असताना, पोरे वर्गात बसलेली असताना कधी गेला होता? गेला नसाल तर एकदा जरूर जा. भिंतीवर रंगवलेली आगगाडी दिसेल, पाढ्यांची झाडे दिसतील, दारावर 'डिजिटल शाळा' अशी ठळक अक्षरे दिसतील. आत एखादा मोठा टीव्ही असेल, प्रोजेक्टर असेल, कुठे कुठे एखाद्या कंपनीने दिलेले दहा-वीस टॅब असतील. मग गुरुजींना एवढेच विचारा, "टॅब कुठं आहेत?" पुष्कळ ठिकाणी गुरुजी कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवतील. आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात असेल.

आज लिहायचे आहे ते या किल्लीबद्दल.

पण म्हणून लगेच गुरुजींच्या नावाने खडे फोडू नका. कपाटातली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असते. ती फुटली, हरवली तर जाब मुख्याध्यापकाला. निर्लेखन करायचे म्हटले तर कागद केंद्रप्रमुखांकडून पुढे सरकता सरकता वर्ष जाते. शाळा द्विशिक्षकी, चार वर्ग दोघांनी सांभाळायचे, त्यात पोषण आहाराचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामे. अशा माणसाने चाळीस पोरांच्या हाती पाच-पाच हजारांच्या वस्तू द्यायच्या आणि रात्री निवांत झोपायचे, हे बोलायला सोपे आहे. तेव्हा त्याने कुलूप लावले तर नवल नाही. नवल याचे वाटते, की वस्तू घेताना ज्या गावाने वर्गणी दिली, ढोल लावला, आमदारांच्या हस्ते फीत कापली, त्या गावाने पुढे त्या वस्तूचे काय झाले हे कधी विचारले नाही.

या वस्तू आल्या कशा, हे आठवा. २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम निघाला. प्रत्येक मूल शिकले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची शाळा डिजिटल झाल्याची बातमी राज्यभर गाजली. मग गावोगावचे गुरुजी ती शाळा पाहायला निघाले. परत येऊन त्यांनी आपल्या गावी लोकवर्गणी मागितली. कुणी गव्हाचे पोते दिले, कुणी दुधाच्या पगारातून हजार रुपये दिले, मुंबईला असलेल्या चाकरमान्यांनी टीव्ही पाठवला. सरकारचा पैसा नव्हता, लोकांचा होता. हे काम मोठे झाले यात शंका नाही. वर्षानुवर्षे ज्या शाळेकडे गावाने ढुंकून पाहिले नव्हते, तिच्यात गावाचा जीव अडकला.

पुढे ३ डिसेंबर २०२० रोजी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे गुरुजी रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायचा, फोन त्याच्यावर धरला की कविता ऐकू यावी, चित्र हलावे, ही त्यांची खटपट. आज आपल्या मुलांच्या पुस्तकांत ते चौकोनी ठिपके दिसतात. कल्पना चांगलीच. पण आपल्या घरात ती चालते कशी, तेही पाहू. मूल पाच वाजता घरी येते. फोन बापाकडे, बाप मोटारीवर नाही तर बाजार समितीत. तो आठला येतो, तेव्हा फोनची बॅटरी दहा टक्के आणि बाप शंभर टक्के दमलेला. मग तो चौकोन पुस्तकात तसाच राहतो.

तर यंत्र आले. शाळेत आले, घरातही आले. शिकणे किती आले?

'असर' नावाची पाहणी गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला लावते. तिचा २०२४ चा अहवाल सांगतो, की ग्रामीण भारतात १४ ते १६ वर्षांच्या शंभरातील सुमारे ८२ मुलांना स्मार्टफोन चालवता येतो. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरला असे सांगणारी सुमारे ५७ आणि समाजमाध्यमांसाठी वापरला असे सांगणारी सुमारे ७६. त्याच अहवालात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर धड वाचता येत नाही, असेही आहे. दोन्ही आकडे एकाच गावातले, बऱ्याचदा एकाच घरातले. थोरल्याला फोनमधले सगळे कळते, धाकट्याला पुस्तकातली ओळ लागत नाही. आणि आम्ही कौतुकाने सांगतो, "आमचं बारकं दोन वर्षांचं, पण यूट्यूब आपलं आपण लावतंय!"

आमचे म्हणणे असे, की वर्गातला टीव्ही लावून पोरांना समोर हाताची घडी घालून बसवले, तर फळा बदलला एवढेच. पूर्वी गुरुजी म्हणायचे आणि पोरे मागून म्हणायची. आता टीव्ही म्हणतो आणि पोरे मागून म्हणतात. घोकंपट्टी तीच, फक्त तिला वीज लागते. यंत्राने शिकणे व्हायचे तर ते पोरांच्या हातात पाहिजे, आणि एकेकाच्या नव्हे, चौघा-चौघांच्या.

चौघांच्या का? १९९९ साली दिल्लीत कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी आपल्या कचेरीच्या भिंतीला भोक पाडून पलीकडच्या झोपडपट्टीच्या बाजूने एक संगणक बसवला. शिकवायला कुणी नाही, भाषा इंग्रजी. वस्तीतली पोरे गोळा झाली आणि पाहता पाहता चालवू लागली. नंतर आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही तशी केंद्रे निघाली. लोकांनी त्यातून 'मूल आपले आपण शिकते, मास्तर कशाला' असा अर्थ काढला, तो आम्हाला पटत नाही. तिथे एकटे मूल शिकत नव्हते, घोळका शिकत होता. एकाचा हात, दुसऱ्याचे डोळे, तिसऱ्याचे "अरे तसं नाही, इकडं दाब!" अशी ती शाळा होती. आणि याची दुसरी बाजूही अभ्यासकांनी दाखवून दिली. मोठी दांडगी पोरे पुढे घुसत, लहानी आणि पोरी मागे राहत; काही ठिकाणी देखभाल नाही म्हणून यंत्रे बंद पडली. म्हणजे घोळक्यात शिकणे होते, पण पाळी कुणाची, हे सांगायला माणूस लागतो. आपल्या शाळेत तो माणूस आहे. त्याला पगार मिळतो. फक्त त्याच्या हाती रजिस्टर देऊन आपण त्याला कोठारावरचा राखणदार करून टाकला आहे.

आता जरा पाबळला चला. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात हे दुष्काळी पट्ट्यातले गाव. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला माणूस, पण म्हणणे साधे : पोर हाताने करते तेव्हा त्याचे डोके चालते. ज्यांना आपण 'ढ' म्हणून शाळेबाहेर काढतो, ती पोरे मोटार खोलतात, विहिरीतला पंप जोडतात, म्हणजे त्यांना डोके आहे. आपल्या शिकवण्यात त्या डोक्याला जागा नाही. त्यांनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान ओळख' हा विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस दप्तर बाजूला. चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. पोरे लोखंड कापतात, वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपे तयार करतात, माती तपासतात, रक्तगट आणि रक्तातले हिमोग्लोबिन तपासायला शिकतात. शिकवायला गावातलाच कारागीर. आणि जे बनवायचे ते गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे. कुणाचे फाटक जोडून दे, शाळेचे बाक दुरुस्त कर, त्याचे सामान किती लागले, मजुरी किती झाली याचा हिशेब वहीत लिही. म्हणजे बेरीज-वजाबाकी, क्षेत्रफळ, टक्केवारी सगळे आले. कुणी वेगळे शिकवायची गरज नाही. फाटक वाकडे झाले तर परीक्षेत दोन गुण कापून भागत नाही. ते गावभर दिसते. पुन्हा करावे लागते.

या पाबळमध्ये २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या सहकार्याने 'फॅब लॅब' उभी राहिली. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राने ती लाकडात, पत्र्यात कापून घ्यायची. त्या संस्थेच्या बाहेर निघालेली ही अशी पहिली प्रयोगशाळा. मुंबईत नाही, बंगळुरूत नाही, शिरूर तालुक्यात! डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे. आम्हाला त्यातली गोम ही वाटते, की तिथल्या पोरांना संगणक हा हातोडी-पान्ह्याच्या रांगेतला आणखी एक अवजार म्हणून भेटला. त्याची पूजा करायची नाही, त्याला भ्यायचे नाही, काम झाले की जागेवर ठेवायचा. आपल्याकडे तो आधी हार घालून भेटला आणि मग कपाटात गेला.

यात नवीन काही नाही, असे जाणकार म्हणतील. खरे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद भरवली, तेव्हापासून 'हाताने काम करत शिकणे' हे शब्द आपल्या कानावर आहेत. कोठारी आयोगाने साठच्या दशकात कार्यानुभव सुचवला. तो आपल्या वेळापत्रकात आलाही. पण कार्यानुभवाच्या तासाला काय व्हायचे, हे आपण सारे जाणतो : गणिताचा राहिलेला भाग, नाही तर पटांगणातले दगड वेचणे. गुण मात्र सगळ्यांना पंचवीसपैकी बावीस.

आता 'मिळून मिसळून राहणे' याविषयी. हा शब्द भाषणात फार येतो, म्हणून जपून वापरतो. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याला वसतिगृह काढले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. तिथे सर्व जातींची पोरे एकत्र राहत, एकत्र जेवत, आपले आपण दळत-कांडत, स्वयंपाक करत. अण्णांनी पोरांना एकोप्यावर व्याख्याने दिली असतील-नसतील. पण एका चुलीवरची भाकरी दहा जातींच्या पोरांनी मिळून थापली, तर कुणाची भाकरी कुणी खाल्ली हे सांगणार कोण? काम वाटून घेतले की माणसे जवळ येतात. नुसते शेजारी बसवल्याने येतात असे नाही.

आज आपल्या गावात काय चालले आहे? सकाळी सात वाजता पिवळी गाडी येते. ज्याच्याकडे ऊस आहे, नोकरी आहे, दुकान आहे त्याची पोरे टाय लावून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मागे राहतात ती मजुरांची, मेंढपाळांची, आणि ज्यांची पहिली दोन गेली म्हणून तिसरीला ठेवली अशा पोरी. पूर्वी पाटलाचा पोरगा आणि त्याच्या सालगड्याचा पोरगा एका फरशीवर बसून एका पाटीवर भांडत. भांडत का होईना, एकमेकांना नावाने ओळखत. आता ती दोघे थेट अठराव्या वर्षी भेटतात, एक मालक म्हणून आणि एक मजूर म्हणून, नाही तर निवडणुकीत दोन झेंड्यांखाली. यात गाडीत बसवणाऱ्या बापाला आम्ही दोष देत नाही. आपल्या लेकराचे बरे व्हावे, हे कुणाला वाटत नाही? पण त्याच बापाने २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार निघाला तेव्हा 'गावची शाळा वाचवा' म्हणून निवेदनावर सही केली होती, याची आठवण द्यायला हवी.

मग उरलेल्या शाळेत तरी पोरे एकत्र आहेत का? तिथेही पाहा. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरे दिवाळीच्या पुढे-मागे गायब होतात ती उन्हाळ्यात उगवतात. परत आली की मागच्या ओळीत. पाड्यावरच्या, तांड्यावरच्या पोरांच्या घरी वेगळी बोली. तोंड उघडले की वर्ग हसतो, म्हणून ती तोंड उघडत नाहीत. अशा पोरांच्या गटात एक टॅब ठेवा आणि काम द्या : गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजून आणा, तक्ता करा, फोटो लावा. ऊसतोड्याच्या पोराने चार तालुके पाहिलेले असतात, त्याला रस्ते माहीत असतात. तांड्यावरच्या पोरीला कोणत्या विहिरीला मार्चात पाणी राहते हे पाठ असते, कारण हंडा तिच्याच डोक्यावर असतो. वाचणारा वाचेल, मोजणारा मोजेल, टॅबवर बोटे चालवणारा ती चालवेल. मग पाळी बदला. ज्या पोराला वर्गात काहीच येत नव्हते त्याच्यावाचून काम अडते, हे बाकीच्यांना एकदा कळले, की हसणे कमी होते. आणि तो तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. टँकर मागताना सरपंचांना उपयोगी पडेल.

प्रत्येक पोराला वेगळा टॅब देऊ, अशी घोषणा अधूनमधून ऐकू येते. पैसे असतील तर द्या बापडे. पण खेड्यातल्या शाळेला चौघांत एक पुरतो, आणि आमच्या मते तोच बरा. चौघांत एक आला की "आता माझी पाळी", "थांब, तिचं होऊ दे" हे आपोआप येते. एकाला एक दिला की मान खाली आणि शेजारचा परका. टाळेबंदीत ते पाहून झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग नियमित उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. त्या पावणेदोन वर्षांत ज्याच्या घरी फोन होता तो डोंगरावर रेंज शोधत फिरला, ज्याच्या घरी नव्हता तो शेळ्या राखायला लागला. ते अंतर अजून पुरते भरलेले नाही, कोणत्याही गुरुजींना विचारा.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर आपल्या परीने उपाय काढला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, थोरांनी एकमेकांशी बोलायचे. बातमी देशाबाहेर गेली. यंत्राचा विरोध नाही, त्याला वेळ ठरवून दिली आहे. हे सरकारी परिपत्रकाने झाले नसते, गावाने ठरवले म्हणून झाले. भोंग्याचा खर्च तो किती!

काही वाचक म्हणतील, "आमच्या पोराला काय वेल्डर करायचाय का? त्याला डॉक्टर-इंजिनिअर करायचंय." करा की. पण ज्या इंजिनिअराने कधी नट आवळलेला नाही तो नोकरीच्या दारात किती वर्षे उभा आहे, हे गावोगावच्या पारावर दिसते. आणि खरे विचाराल तर 'वेल्डर' हा शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो, तोच सूर पोर शाळेत घेऊन जाते आणि वेल्डरच्या पोराशेजारी बसायला नाक मुरडते. कौशल्याचा अनादर आणि माणसाचा अनादर या दोन गोष्टी घरातून एकत्रच शाळेत जातात.

आता करायचे काय? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून हाताच्या कामाची ओळख आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा, असे लिहिले आहे. राज्यात २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. म्हणजे वेळ आहे, कागदही आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण समितीत निम्म्या बायका असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार या समितीचा. ती समिती आपल्या गावात आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, की सह्या घरोघर फिरवून घेतल्या, हे आपणच तपासायचे.

पहिला ठराव किल्लीचा करा. टॅब पोरांच्या हाती देताना फुटला तर भरपाई गावाच्या निधीतून, गुरुजींच्या पगारातून नाही, असे समितीने लेखी द्यावे. गावजत्रेच्या वर्गणीतले चार पैसे त्यासाठी बाजूला काढायला देव नाही म्हणणार नाही. दुसरे वीजबिलाचे. बिल थकले म्हणून मीटर काढून नेले आणि डिजिटल शाळेचा टीव्ही झाकून ठेवला, असे ज्या ज्या गावात झाले असेल तिथल्या ग्रामपंचायतीने रस्त्यावरच्या दिव्यांबरोबर शाळेच्याही दिव्यांचा विचार करावा. तिसरे, महिन्यातल्या एका शनिवारी गावातला सुतार, वायरमन, रोपवाटिकावाली, शिलाई मशीनवाली शाळेत बोलवा. त्यांना खुर्चीवर बसवा, पोरांकडून 'सर', 'बाई' म्हणवून घ्या, आणि त्या दिवसाची मजुरी द्या. फुकट बोलावू नका. पोरे चौघा-चौघांच्या गटात, गटात पोरी-पोरे मिसळून, आणि मागच्या ओळीतले पहिल्या पाळीला.

पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर गटार, घरकुल आणि रस्ता असणारच. शाळेचा विषय 'आयत्या वेळचे विषय' या शीर्षकाखाली येतो, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात. ग्रामसेवकांना आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, म्हणजे तो वरच्या क्रमांकाला घेता येईल.